तोंडात खिळे

मिस्त्रीचं तोंड कामाच्या वेळी खिळ्यांनी भरलेलं असे. सोफ्याला कापड मारताना एक हात कापड ताणायला लागतो, दुसरा हातोडी धरायला. खिळ्यांसाठी तिसरा हात कुणालाच मिळालेला नाही, म्हणून या धंद्यातल्या माणसांनी तोंड कामाला लावलं. जिभेने एक खिळा ओठांपर्यंत आणायचा, चुंबकाच्या हातोडीने तो उचलायचा, ठोकायचा, की पुन्हा जीभ. हे त्याला त्याच्या मामाने शिकवलं. शिकवताना मामा म्हणाला होता, "दोनच गोष्टी लक्षात ठेव. गिळायचं नाही आणि बोलायचं नाही." पहिली गोष्ट मिस्त्रीने एकदा मोडली, तेव्हा डॉक्टरने भरपूर केळी खायला सांगितली. दुसरी त्याने कधीच मोडली नाही.

त्यामुळे त्या सगळ्या भागात तो विचारी माणूस म्हणून ओळखला जाऊ लागला. तसं ओळखलं जायला फार काही लागत नाही. माणूस बोलत नाही आणि अधूनमधून मान हलवतो, एवढं पुरतं. खरं म्हणजे शिवण सरळ बसली की नाही हे बघायला तो मान हलवी. ती वरखाली हलली की समोरचा म्हणे, "बघा, मिस्त्रींनाही पटलं." आडवी हलली की म्हणे, "बघा, मिस्त्रींनाही वाईट वाटतंय." दोन माणसं एकमेकांच्या अगदी उलट बोलत आणि दोघंही मिस्त्री आपल्या बाजूचा आहे असं समजून घरी जात.

"तुमच्या तोंडात घरीही खिळेच असतात," बायको म्हणे. तो मान हलवी.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. काथ्याचा, सरसाचा आणि जुन्या कापडाचा वास. दुरुस्तीला आलेले सोफे पोट फाडून उभे असत; आतून स्प्रिंगा, निवारीचे पट्टे, कापसाचे काळे पडलेले गोळे बाहेर आलेले. लोक आपापल्या दिवाणखान्याचा आतला भाग मिस्त्रीकडे सोडून जात आणि त्याकडे पुन्हा बघत नसत. सोफ्यात माणसाचा खोलगटपणा उरतो. घरातला माणूस गेला की वर्षभराने लोक सोफा दुरुस्तीला टाकतात. फोटो मात्र आहे तसा ठेवतात. मिस्त्री तो खोलगटपणा काढून टाकी, नवा फोम भरी आणि वरून कापड असं ताणी की तिथे कधी कुणी बसलं होतं हे सोफ्यालाही आठवू नये.

बसायला एवढी जागा दुसरीकडे कुठेच नव्हती, म्हणून दर सोमवारी संध्याकाळी फुटबॉल क्लबचे लोक तिथे जमत.

क्लब कुणा धनवंताचा नव्हता, सभासदांचा होता. खालच्या लीगमध्ये खेळे आणि वरच्या लीगकडे बघत बघत वर्षं काढी. हंगाम संपला की कोणता खेळाडू ठेवायचा आणि कोणाला निरोप द्यायचा, याचा निर्णय नियमानुसार क्लबच्या ऑफिसात होई. म्हणजे सह्या तिथे होत. निर्णय कारखान्यात होई. क्लबचे सेक्रेटरी, एक बारीक आणि कायम घाईत असलेले गृहस्थ, न उसवलेल्या एका स्टुलावर टेकून बसत आणि मधूनमधून म्हणत, "ठरवा एकदाचं."

सभेचे नियम दोन. पहिला असा की सोमवारी खेळाडूने कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर असला की माणसं खोटं बोलतात, आणि नसला की जास्त बोलतात. निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांना सगळे सर म्हणत. त्यांचं मत, त्यातल्या त्यात जास्त बोललेलं बरं.

दुसरा नियम खुर्चीचा. दाताच्या एका डॉक्टरने आपली खुर्ची रेक्झिन बदलायला दिली होती आणि ती न्यायच्या आधी धंदाच बदलला. ती खुर्ची मागे कललेल्या अवस्थेत अडकून बसली होती, सरळ होत नव्हती. ज्याला बोलायचं त्याने त्या खुर्चीत आडवं व्हायचं. तो आडवा असेपर्यंत कुणी मधे बोलायचं नाही. हसायला हरकत नव्हती. मिस्त्रीने हातोडी दोनदा आपटली की उठायचं. त्या खुर्चीत माणसाला कुणाचा चेहरा दिसत नाही, फक्त छत दिसतं. त्यामुळे एरवी भित्री असलेली माणसंही तिथे पडली की प्रशिक्षकाला घरी पाठवून मोकळी होत.

मिस्त्री स्वतः त्या खुर्चीत कधी बसला नव्हता. त्याचं काम उभ्याने होतं.

*

त्या वर्षी हंगामाचा शेवटचा सामना बरोबरीत सुटला असता तरी क्लब वरच्या लीगमध्ये जाणार होता. क्लब एक-शून्यने हरला.

गोल असा झाला. सामना संपत आला होता. डावीकडून एक उंच चेंडू आला, उनाड पतंगासारखा, विशेष जोर नसलेला. त्याच्या बरोबर खाली डाव्या बाजूचा बचावपटू उभा होता. डोकं लावून तो चेंडू बाहेर घालवू शकला असता. तो ऐन वेळी बाजूला झाला. मागून गोलकीपर झेपावला, हवेत गेला, त्याचे दोन्ही हात एकमेकांवर मिटले आणि चेंडू त्यांच्या शेजारून खाली पडला. मग तो एखादा पाहुणा न विचारता घरात शिरावा तसा सावकाश जाळ्यात गेला.

या बचावपटूला प्रेक्षक खिडकी म्हणत, कारण तो कायम उघडा असतो असा त्यांचा आरोप होता. गोलकीपरला भिंत म्हणत. खिडकी क्लबमध्ये नवा होता, दुसऱ्या गावाहून आलेला, आणि त्याचं इथे कुणी नव्हतं. भिंत इथलाच होता, खूप वर्षं गोलमध्ये उभा होता, आणि तो मिस्त्रीचा जावई होता.

जावई कारखान्यात पहिल्यांदा आला तो आईची आरामखुर्ची घेऊन आणि दुसऱ्यांदा आला तो मुलीला मागणी घालायला. दोन्ही वेळी मिस्त्रीने मान हलवली होती. सामन्याला मिस्त्री नेहमी गोलच्या मागच्या स्वस्तातल्या बाकावर बसे. बाकीचे सगळे मधल्या छताखाली. त्यामुळे जावयाच्या चेहऱ्यापेक्षा जावयाची पाठ त्याला जास्त ओळखीची होती. ती पाठ आनंदली की खांदे कसे पडतात आणि घाबरली की मान कशी आत जाते, हे त्याला कळे. समोरासमोर बसल्यावर मात्र दोघांना बोलायला काही सुचत नसे.

रविवारी दुपारी, म्हणजे हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलगी एकटीच घरी आली. चप्पल काढता काढताच म्हणाली,

"बाबा, ह्याला दोन दिसतात."

"काय दोन?"

"सगळंच. वर बघितलं की. त्यातून डावीकडे बघितलं की जास्त. मागच्या वर्षी डोकं आपटलं होतं ना, तेव्हापासून. काल कपडे वाळत घालत होता, चिमटा हवेत लावत होता. तीनदा लावला, बाबा. तीनदा शर्ट खाली पडला. मग म्हणाला, चिमटे चांगले येत नाहीत हल्ली."

"डॉक्टर?"

"दाखवलं. क्लबच्या नाही, दुसऱ्याच. ते म्हणाले खेळणं थांबवा. अजून एक धक्का बसला तर दोनही दिसणार नाहीत आणि एकही दिसणार नाही."

मिस्त्री गप्प बसला. त्या दिवशी त्याच्या तोंडात काही नव्हतं, तरी गप्प बसला.

"मी सांगून सांगून थकले," मुलगी म्हणाली. "म्हणतो, अजून दोन वर्षं. क्लब नवा करार देणार आहे म्हणे. तो दिला की हा खेळणार. क्लबने काढलं तरच थांबेल. बाबा, उद्या तिथे तुम्ही बोला."

"मी?"

"तुमचं सगळे ऐकतात."

"अगं, मी कधी बोललोच नाही तिथे."

"म्हणूनच ऐकतील."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, एकदा बोला. दात पडत नाहीत बोलून."

*

सोमवारी कारखाना भरला. एवढी माणसं अंत्ययात्रेला येतात, पण तिथे इतका आवाज नसतो. मिस्त्री एका तीन जणांच्या सोफ्याच्या पाठीला कापड मारत होता. तोंडात मूठभर खिळे.

पहिला आडवा झाला बेकरीवाला. हा अंगाने रुंद माणूस होता, खुर्ची कुरकुरली.

"एक-शून्य," तो छताला म्हणाला. "एक-शून्यने हरणं म्हणजे हरणंच नव्हे. एक-शून्य म्हणजे पत्ता चुकलेली बरोबरी. आपण खेळलो चांगले. बॉल आपल्याकडे जास्त होता. कॉर्नर आपल्याला जास्त मिळाले. मग हरलो कशाने? एका माणसाने. तो माणूस वाकला. घाबरला आणि वाकला. मी डोळ्यांनी बघितलं. खिडकी काढून टाका, तिथे विटा लावा, पुढच्या वर्षी आपण वर. माझं संपलं."

"तू म्हणे डोळ्यांनी बघितलं!" तो उठल्याबरोबर मेडिकलवाल्या बाई म्हणाल्या. औषधांचं दुकान त्यांचं होतं आणि जिभेला औषध नव्हतं. "तू तर त्या वेळी खाली वाकून सांडलेले शेंगदाणे गोळा करत होतास."

"ते पहिल्या हाफमध्ये."

"दोन्ही हाफमध्ये. मी शेजारीच होते. माझ्या चपलेतले पण उचललेस."

मिस्त्रीने हातोडी आपटली. बाई आडव्या झाल्या.

"मला खिडकीबद्दल काही म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "पोरगा नम्र आहे. दुकानात येतो, क्रेप बँडेज घेतो, थँक्यू म्हणतो. पण नम्र माणूस बचावात काय कामाचा? बचावात माणूस कसा हवा, शेजारच्याने भिंतीला खिळा मारला तरी भांडायला जाणारा. हा बाजूला होऊन बॉलला म्हणतो, आधी तुम्ही. जाऊ दे बाई त्याला त्याच्या गावी. आणि भिंतीला धरून ठेवा. तो बिचारा त्या दिवशी मैदानावर बसून राहिला होता सामना संपल्यावर. मला बघवेना."

मिस्त्रीने एक खिळा ठोकला. तो वाकडा गेला. असं सहसा होत नसे.

सर आडवे झाले. त्यांनी आधी चष्मा काढून खिशात ठेवला. छत बघायला त्यांना चष्मा लागत नसे.

"मुद्दा असा आहे," सर म्हणाले, "की पराभव ही एक शिकवण असते." कुणीतरी जांभई दिली, त्याबद्दल नियमात काही नव्हतं. "मी चाळीस वर्षं मुलं पास-नापास केली. नापास करायचा मुलगा कोणता, हे पेपर न बघताही समजतं. जो मागच्या बाकावर एकटा बसतो तो. खिडकी एकटा आहे. त्याला काढलं तर कुणाला वाईट वाटणार नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. भिंतीला काढलं तर अर्ध्या गावाला वाईट वाटेल, शिवाय आपल्याला ही जागा सोडावी लागेल." इथे सगळे हसले आणि मिस्त्रीकडे बघू लागले. मिस्त्रीची मान खाली होती. "म्हणून माझी सूचना. भिंतीला दोन वर्षांचा करार. खिडकीला निरोप आणि एक पुष्पगुच्छ."

"पुष्पगुच्छ कशाला?" बेकरीवाला म्हणाला. "केक देतो मी. कालचा उरलाय."

"ठरलं तर मग?" सेक्रेटरी स्टुलावरून अर्धे उठले. "भिंत दोन वर्षं. खिडकी बाहेर. मिस्त्री, तुम्हाला पटतंय ना?"

हे विचारायची पद्धत होती. मिस्त्रीने मान हलवली की सभा संपे.

मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली. ओंजळ तोंडाखाली धरली आणि एकेक खिळा बाहेर काढायला लागला. ओले, चकचकीत खिळे ओंजळीत पडत होते. कारखान्यात त्या आवाजाशिवाय दुसरा आवाज राहिला नाही.

"गिळलात का हो?" मेडिकलवाल्या बाई घाबरून उठल्या. "केळी आणा कुणीतरी!"

मिस्त्रीने मानेने नाही म्हटलं, खिळे डब्यात टाकले, पँटीला हात पुसले आणि जाऊन दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवा झाला. एवढी वर्षं या खोलीत काढून तिचं छत त्याने आज पहिल्यांदा बघितलं. ओल आली होती. मधोमध पंखा फिरत होता, पात्यांना कापसाची दाढी आलेली.

"माझ्या जावयाला काढा," तो म्हणाला.

आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला, बंद घराचं दार उघडल्यासारखा.

"त्यांना वरचं दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण दोन दिसतं. डोक्याला लागलं होतं तेव्हापासून. आणि तो खिडकी घाबरला नव्हता. मी मागे बसलो होतो. जावई ओरडले, 'माझा!' गोलकीपर 'माझा' म्हणून ओरडला की बाजूला व्हायचं असतं. तो झाला. मग यांना बॉल सापडला नाही." तो थांबला. वाक्यं सांध्याशिवाय येत होती, फ्रेम न जोडता नुसती लाकडं टाकावीत तशी. "डॉक्टर म्हणतात थांबवा. मुलगी घाबरली आहे. काढा त्यांना. एवढंच."

हातोडी आपटायला कुणी नव्हतं, म्हणून तो आपणहून उठला.

 मग सर उभे राहिले. त्यांनी चष्मा घातला, काढला, पुसला, पुन्हा घातला.

"याला," ते म्हणाले, "याला म्हणतात निःपक्षपातीपणा."

"स्वतःचा जावई!" बेकरीवाल्याने रुमाल काढला. "सख्खा जावई! वशिल्याचा नुसता संशय येऊ नये म्हणून माणूस म्हणतो, काढा. असा सासरा मला मिळाला असता ना, तर मी..."

"तर काय?"

"तर मी गोलकीपर झालो असतो."

"अहो, मी खरं सांगतोय," मिस्त्री म्हणाला. "त्यांना दोन दिसतात."

"मिस्त्री, पुरे," सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "तुमचं मन आम्हाला समजलं. आणि 'माझा' वगैरे तुम्हाला कसं ऐकू येणार? सगळं मैदान बोंबलत होतं."

"दोन दिसणं म्हणजे काही नाही, डोळे कोरडे पडतात," मेडिकलवाल्या बाई म्हणाल्या. "थेंब देते मी. सकाळ-संध्याकाळ. मुलीला म्हणावं घाबरू नको. माझा नवरा शिंकला तरी मला रात्रभर झोप येत नाही, म्हणून काय त्याला घरात कोंडून ठेवलंय? बायकांना वाटणारच."

"तू पण बाईच आहेस," बेकरीवाला म्हणाला.

"मी दुकानदार आहे."

सेक्रेटरींनी घसा खाकरला. "या सगळ्याचा विचार करता," ते म्हणाले, "दोनऐवजी तीन वर्षांचा करार करावा का?"

टाळ्या पडल्या. मिस्त्रीने आयुष्यात एकदाच भाषण केलं होतं आणि त्याचा परिणाम बरोबर उलटा झाला होता. तो तोंडात खिळे न घेता दाराबाहेर गेला, फोन काढला आणि जावयाला लावला. यापूर्वी त्याने जावयाला कधी फोन केला नव्हता.

"या जरा इकडे," तो म्हणाला.

"बाबा? सगळं ठीक ना? आज सोमवार आहे."

"माहीत आहे. या."

*

जावई दोन गल्ल्या पलीकडे राहत होता, चालत आला. उंच माणूस. पायऱ्यांशी येऊन उभा राहिला, आत येईना. सासरा आणि जावई एकमेकांशेजारी, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. तसं उभं राहिलं की बोलणं जरा सोपं जाई.

"दोन दिसतात?" मिस्त्रीने विचारलं.

जावयाने बराच वेळ समोरच्या बंद दुकानाकडे बघितलं.

"तिने सांगितलं?"

"हो."

"सरळ बघितलं तर एकच दिसतं. वर बघितलं की दोन."

"मग पकडता कसं?"

"उजवीकडचा पकडतो. उजवीकडचाच खरा असतो, बहुतेक वेळा. वर्षभर चाललंय, कुणाला पत्ता लागला नाही."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी डावीकडचा खरा निघाला."

एक सायकलवाला गेला. जावई खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, मला दुसरं काही येत नाही. सकाळी उठून मी काय करू? दुसऱ्यांचे सामने बघू? तुम्ही आत काही बोलू नका. एवढं करा."

"बोललो मी."

जावयाची मान आत गेली. ही हालचाल मिस्त्रीने मागून खूपदा बघितली होती. शेजारून ती जास्त वाईट दिसली.

"मग?"

"कुणी ऐकलं नाही. तीन वर्षं देतायत."

"तीन?" जावयाने सुस्कारा सोडला. खांदे खाली आले. मग तो चक्क हसला आणि मिस्त्रीच्या बाजूने आत शिरला. आता काही लपवायचं उरलं नाही असं त्याला वाटलं असावं. मिस्त्री त्याच्या मागोमाग गेला. त्याच्याकडे सांगायला आणखी काही नव्हतं.

"अरे, खेळाडू!" सर ओरडले. "नियम आहे! आज सोमवार!"

"राहू दे हो सर," बेकरीवाला म्हणाला. "आज मिस्त्री बोलले. आता भिंत चालत आली. आज काही नियम-बियम राहिला नाही. ये रे बाबा, ये. झोप खुर्चीत. तीन वर्षं!"

त्यांनी त्याला धरूनच खुर्चीत आडवा केला. पाय बाहेर लोंबत होते. सगळे भोवती उभे राहिले, दात काढायचा असल्यासारखे.

"तीन वर्षांबद्दल सगळ्यांचे आभार," जावई छताकडे बघत म्हणाला. "मी जिवाचं रान करीन. पुढच्या वर्षी आपण नक्की..."

"नक्की!" बेकरीवाला म्हणाला. नियम खरंच राहिला नव्हता. "त्या खिडकीलाही घालवलाय तुझ्यासाठी. आता काळजी नको. समोर चांगला माणूस देतो तुला."

"कुणाला घालवलाय?"

"खिडकीला. पुष्पगुच्छ देऊन. केक देऊन."

"का?"

"का म्हणजे? वाकला तो! तुझ्या अंगावर सोडला बॉल!"

 पंखा फिरत होता. मेडिकलवाल्या बाईंनी पर्समधून थेंबांची बाटली काढून ठेवली होती, ती त्या हातात धरून उभ्या होत्या.

"त्याने सांगितलं नाही तुम्हाला?" जावयाने विचारलं. "मी ओरडलो ते?"

"तो काय सांगणार? तुम्ही सगळे बरोबर आहात म्हणाला. माझी चूक, म्हणाला. ड्रेसिंग रूममधून डोळे पुसत गेला," सेक्रेटरी म्हणाले.

 मिस्त्री सोफ्यापाशी उभा होता. त्याला जावयाचा चेहरा उलटा दिसत होता, कपाळ खाली आणि हनुवटी वर, आणि त्या उलट्या चेहऱ्याचं काय चाललंय ते त्याला काही वाचता येईना.

"गोल माझा होता," जावई म्हणाला. "मी 'माझा' म्हणालो. तो बाजूला झाला. त्याने बरोबर केलं. मी चुकीच्या बॉलवर गेलो."

"चुकीच्या बॉलवर? बॉल एकच होता," सर म्हणाले.

"बघ, सासऱ्यासारखाच," बेकरीवाला बाईंच्या कानात म्हणाला. "सगळं अंगावर घ्यायची सवय. त्या पोराला वाचवतोय."

"खोटं कशाला बोलतोस रे बाळा?" बाई म्हणाल्या.

जावयाने वर बोट दाखवलं. "हा पंखा एकच आहे ना?"

सगळ्यांनी वर बघितलं.

"एकच आहे," सर म्हणाले. शाळेत उत्तर द्यावं तसं, स्पष्ट.

"मला दोन दिसतात. डावीकडचा मला जास्त बरा वाटतोय, पण तुम्ही म्हणाल तर तो नसेल. मला सांगता येत नाही. शनिवारीही सांगता आलं नाही." तो तसाच पडून राहिला. "खिडकीला काढू नका. मला काढा."

मेडिकलवाल्या बाईंनी थेंबांची बाटली पर्समध्ये परत टाकली. बेकरीवाला एका उसवलेल्या सोफ्यावर बसला. स्प्रिंग बाहेर आली होती, तरी उठला नाही.  जावयाने जे हातात होतं ते सगळं खाली ठेवलं होतं, आणि ते करायला मिस्त्रीच्या भाषणाचा काहीच उपयोग झाला नव्हता. मिस्त्रीला याचं वाईट वाटलं नाही.

 शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "ठरवा एकदाचं. खिडकी राहिला. भिंत गेला. मग गोलमध्ये कोण?"

आणि हे विचारायचीच वाट बघत असल्यासारखी सभा पुन्हा सुरू झाली.

"तो दुसरा आहे ना आपला, लांब केसांचा," बेकरीवाला म्हणाला.

"तो? त्याला घरचं दार लावता येत नाही, गोल काय राखणार?" बाई म्हणाल्या.

"मुद्दा असा आहे, की बाहेरून एखादा अनुभवी..."

"बाहेरून कशाला? बाहेरून आणलेल्यांना तुम्ही पुष्पगुच्छ देता."

"लांब केसांचा चांगला आहे," जावई खुर्चीतून उठून बसत म्हणाला. "हात चांगले आहेत. पण तो गप्प उभा राहतो. गोलमध्ये माणूस ओरडला पाहिजे."

"ओरडून काय होतं ते बघितलं की शनिवारी," बेकरीवाला म्हणाला. "गप्पच बरा."

"अरे, ओरडल्याशिवाय बचावाला कळणार कसं?" जावई म्हणाला.

"ते सोड. त्याची उंची बघ. उंच बॉल आला की त्याच्या हाताला लागेल का?"

"उंचीने काही होत नाही. जागा कुठे घेतो त्यावर असतं सगळं."

"हॅ! जागा! तुला काय कळतं रे गोलकीपिंगमधलं?"

कारखान्यात क्षणभर सगळे बेकरीवाल्याकडे बघत राहिले. मग जावयाने बाह्या वर केल्या, शेजारच्या सोफ्यावरची कापसाची पिशवी बाजूला सारली आणि त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"मला काय कळतं? मला? ऐक आता," तो म्हणाला.

मिस्त्रीचा फोन वाजला. मुलीचा होता. तो दारापाशी गेला, आतला आवाज एवढा होता की त्याला दुसऱ्या कानावर हात ठेवावा लागला.

"बाबा, काय झालं? तुम्ही बोललात का?"

"मी बोललो. त्याने काही झालं नाही. मग तेच बोलले."

"हा बोलला? स्वतःहून?"

"हो. थांबतोय म्हणाले."

 मग ती सावकाश म्हणाली, "आता कसा आहे? रडतोय का?"

मिस्त्रीने मागे वळून बघितलं. जावई बेकरीवाल्याचा हात धरून त्या हातानेच त्याला गोलचे खांब दाखवत होता आणि बेकरीवाला मोठ्याने नाही नाही म्हणत होता.

"भांडतायत," मिस्त्री म्हणाला. "तू जेवून घे."